लुळे हात

पावसाने तुंबलेल्या गटाराचं पाणी सुनेच्या कमरेला लागलं होतं आणि सासू तिच्या पाठीवर होती. इमारतीच्या जिन्याच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. पाण्यावर भाजीची देठं, एक फुगलेली घूस आणि कुणाच्या तरी संडासातलं सगळं तरंगत होतं. वरून मानेवर सासूची लाळ टपकत होती. सुनेला दोन्हींची सारखीच किळस आली.

"हळू गं," सासू कानाशी म्हणाली. "माझ्या हातांत जीव नाही. तुलाच धरावं लागेल."

आजारपणानंतर सासूचे दोन्ही हात लुळे पडले होते. घास भरवायचा, नाक पुसायचं, पुढचंमागचं धुवायचं, सगळं सुनेनेच. त्यापायी तिने शिवणाच्या कारखान्यातलं काम सोडलं. भरवल्या घासांनी सासू मात्र चांगली गरगरीत झाली, आणि आज तेच वजन पेलवत नव्हतं. हात मागे नेऊन सासूच्या बुडाखाली सुनेने बोटांत बोटं अडकवली होती. ती एकेक करून सुटू लागली.

चिखलावर पाय सरकला. दोघी मागे कलंडल्या.

पण पडल्या नाहीत. सासूचा एक हात सुनेच्या छातीवरून आवळला गेला. दुसऱ्याने जिन्याचा लोखंडी कठडा पकडला. दोघींचा भार त्या एका मुठीवर लोंबकळत राहिला. सुनेचा पाय पायरीला टेकेपर्यंत मूठ सैल झाली नाही.

गच्चीवर शेजारणीने सुनेच्या हातांवर पाणी घातलं. म्हणाली, "धन्य आहे बाई तुझी. एकटीने आणलंस वर. सासूचं नशीब थोर."

सासूचे हात पुन्हा मांडीवर पडले होते, पिळून टाकलेल्या फडक्यासारखे. दोघींचा जीव वाचवला तो तिनेच, पण ते सांगायची सोय नव्हती.

कुणीतरी भाताची ताटली आणून दिली. सासूने आ केला.

"कठडा कुणी धरला होता, आई?" सुनेने विचारलं.

सासूचं तोंड मिटलं. "हळू बोल," ती पुटपुटली. "आधी भरव. लोक बघतायत."

गटाराची घाण अजून सुनेच्या अंगावर होती. तिला ती आता जाणवतही नव्हती. तिने घास कालवला, रोजच्यासारखा नीट गोळा केला, आणि सासूच्या डोळ्यांत बघत स्वतःच्या तोंडात घातला.