मडक्यातला मासा

"पुन्हा चावली," छकुली म्हणाली आणि तिनं हात पुढे केला.

आईनं मांडीवरचं बाळ खांद्यावर टाकलं. छकुलीच्या डाव्या हातावर, आतल्या बाजूला, दातांची लाल महिरप उमटली होती. वरची ओळ मध्येच तुटलेली.

"घाईघाईत चावलीये मेली," आई पुटपुटली. "तू काय केलंस तिला?"

"काहीच नाही. मी आपली टेबलाखाली बसले होते."

टेबलाखाली चादर लटकावून छकुलीनं आपलं घर केलं होतं. नणंद गेली, तिची लेक इथे राहायला आली, आणि छकुलीच्या खोलीतला अर्धा पलंग, अर्धं कपाट, अर्धी खिडकी गेली. उरलं ते टेबलाखालचं. भाची वयानं मोठी आणि हाडापेरानं त्याहून मोठी. तिनं दार लावलं की भिंतीवरचं घड्याळ हलायचं.

आईला तेव्हापासून झोपेतही एक कान उघडा ठेवायची सवय लागली. बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा, मग छकुलीच्या खोलीत डोकवायचं, मग पुन्हा बाळ.

बाळाला पाजायला ती बाहेरच्या खोलीत माशांच्या टाकीसमोर बसे. वरच्या पाण्यात केशरी मासे मजेत हिंडायचे. तळाशी दोनच. एक छकुलीचा, बारका, आडव्या ठेवलेल्या मडक्यात राहणारा. दुसरा काळा, रुंद तोंडाचा. भाची आली तेव्हा नवऱ्यानं मुद्दाम आणला होता. म्हणाला, दोघींचा एकेक, भांडण नको.

भांडण तिथंच होतं. काळा मडक्याशी गेला की वाळूचा लोट उठायचा, एकदम झटापट व्हायची आणि बारका पुन्हा मडक्यात दिसेनासा व्हायचा. त्याच्या शेपटीची कड विरलेल्या कापडासारखी झाली होती. कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं?

"अहो, बघितलंत? बाकीचा सगळा तळ मोकळा पडलाय, पण ह्याला मडकंच हवं."

"मासे आहेत गं. भांडतील, गप्प बसतील." नवरा वर न बघता म्हणाला.

"आणि मुली?"

तो हळूच म्हणाला, "ताईला शब्द दिलाय मी. सख्ख्या बहिणीची लेक आहे. इथून कुठे जाईल ती?"

"शब्द तुम्ही दिलात, दात माझ्या लेकीला लागतायत. वसतिगृहं काय ओस पडलीत? उद्या ती बाळाला चावली म्हणजे?"

दुसऱ्या दिवशी आईनं जाळी घेतली आणि काळ्याला बाहेर काढलं. जाळीत तो धडपडला. त्याच्या पोटाखालचे पर कुरतडल्यासारखे दिसत होते. जाळीत अडकून फाटले असतील.

भाची दारात उभी राहून बघत होती. "तो चावत नव्हता, मामी. नुसती जागा शोधत होता."

"तुला बरं कळतं त्याच्या मनातलं!"

काळा दुकानात परत गेला. टाकी शांत झाली. "बघा," आई नवऱ्याला म्हणाली, "एकाला उचललं, मिटलं की नाही?" नवऱ्यानं टाकीकडे बघितलं, पण मान हलवली नाही.

छकुलीचा समोरचा दात पडल्यापासून आई तिला सफरचंदाच्या बारीक फोडी करून देई. त्या दिवशी ती फोडीच करत होती. खोलीतून किंकाळी आली. आई धावली, मागोमाग नवरा. छकुली टेबलाखाली हात धरून रडत होती. तीच महिरप, ह्यावेळी रक्त आलेलं. भाची पलंगावर, मांडीवर पुस्तक.

"मी नाही, मामा," ती म्हणाली.

"मग काय भिंत चावली?" आई ओरडली.

भाची उठली. छकुलीच्या हाताकडे तिनं वाकून, बराच वेळ बघितलं. मग ती मामीच्या अगदी समोर आली आणि तिनं ओठ फाकवून दात दाखवले. शुभ्र, एकाला एक खेटून बसलेले, पुढचे सगळेच्या सगळे.

"दात विचकतेस? माझ्यावर?" आईनं तिच्या थोबाडीत ठेवून दिली. "बघितलंत ना? आता तरी डोळे उघडा!"

नवऱ्यानं बघितलं होतं. बहिणीला दिलेला शब्द त्यानं त्या क्षणी गिळला.

वसतिगृहात जायला निघताना भाची रडली नाही. बॅग उचलली, मामाला वाकून नमस्कार केला, बाळाच्या गालाला बोट लावलं. "बाळाला जप हं, मामी."

"ते तुझ्याकडून शिकायला नको मला."

घर मोकळं झालं. छकुलीनं टेबलाखालची चादर स्वतःच काढली. अख्ख्या पलंगावर हातपाय पसरून झोपू लागली. आईलाही झोप लागू लागली, दोन्ही कान मिटून.

एका सकाळी बाळाला पाळण्यात टाकून ती माशांना खायला घालायला गेली. बारका मडक्याबाहेर आला होता. चांगला गुबगुबीत झाला होता. कोपऱ्यात एक केशरी मासा तिरका तरंगत होता. त्याची शेपटी अर्धी नव्हती.

"आता हे कुणी केलं?" ती वाकून बघत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी तिची बाही ओढली.

छकुलीनं डावा हात पुढे केला होता. आतल्या बाजूला ताजी महिरप, मध्ये तुटलेली.

"कोण चावलं?" आईनं विचारलं.

"बाळ चावलं. त्यालापण पाठवून देऊया ना?"

पाळण्यातल्या बाळानं आईकडे बघितलं आणि ते तोंडभर हसलं. त्याच्या गुलाबी हिरड्यांत अजून एकही दात आला नव्हता.