कोरडी जागा

बहात्तरच्या दुष्काळापासून दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात खाटा थोड्या अन् बाया उदंड. निम्म्या जणी फरशीवर चटई टाकून पडायच्या. पोछा मारताना सोजरबाई प्रत्येकीला म्हणायची, "पाय घे वं माय."

एका सकाळी ट्रकमधून नव्या लोखंडी खाटा उतरल्या. शेवटच्या खाटेवर पंचफुलाला निजवलं, तेव्हा सोजरबाईचे डोळे भरून आले. आता खाली कुणीच उरलं नव्हतं.

दुपारी तिनं मोकळ्या फरशीवर बादली ओतली. पाणी वॉर्डभर पसरलं, पण मधोमध माणसाएवढी जागा कोरडीच राहिली. तिनं तिथं ओला पोछा फिरवला. फरशी ओली होईना. हाताला मात्र ऊब लागली.

"काहून थांबल्या, मावशी?" पंचफुलानं खाटेवरून विचारलं.

"काई नाई," म्हणत सोजरबाईनं पुन्हा पोछा पिळला, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "पाय घे वं माय."

कोरड्या जागेचं खालचं टोक हळूहळू आक्रसलं. कुणी गुडघे पोटाशी घ्यावेत तसं.

सोजरबाईनं साऱ्या खाटांवरून नजर फिरवली. एकही रिकामी नव्हती.

"पडून राह्य बाई," ती फरशीकडं पाहत हलकेच म्हणाली. "पयली खाली होईन ते खाट तुलेच."