तिसऱ्या ओळीतला विराम

"हा विराम कुठून आणलात?" संगीतकार ओनोदेरांनी विचारलं आणि गाणं पुन्हा मागे नेलं.

तिसरी ओळ. 'तू गेलास त्या' एवढं म्हणून चिगुसाचा आवाज थांबतो. दोन मात्रा काहीच नाही. मग अगदी हळू, कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं, 'रस्त्यावर अजून दिवा आहे.'

ताबडतोब या, असा ओनोदेरांचा निरोप आला तेव्हा चिगुसाला वाटलं होतं, आपला आवाज अल्बममध्ये घेताहेत. निदान मागच्या कोरसमध्ये. सहा वर्षं ती कच्ची गाणी गात होती. खऱ्या गायिकांना चाल कळावी म्हणून आधी कुणीतरी गाऊन ठेवायचं, त्यांनी ते ऐकून गिरवायचं, मग ते पुसून टाकायचं. पण आज ही तर चौकशी दिसत होती. आणि खरं उत्तर असं होतं, की त्या दिवशी पाळणाघरानं ताप आला म्हणून पोरीला परत पाठवलं होतं. दीड वर्षाची नेने तिच्या पाठीशी बांधलेली होती, आणि नेमकी तिसऱ्या ओळीत ती चुळबुळली. स्टुडिओच्या दारावर पाटी होती : लहान मुलांना आत आणू नये. आणणारीला पुन्हा काम देऊ नये, हे पाटीवर नव्हतं. ते सगळ्यांना माहीत होतं.

समोर 'पिकापिका पार्लर' या गाण्या-नाचण्याच्या बँडमधल्या पाचजणी बसल्या होत्या. नऊ वर्षं या मुलींनी स्टेजवर गाता गाता उड्या मारल्या. देश त्यांना ओळखायचा तो उड्यांसाठी. मग मधोमध उभी राहणारी रुरिका, तिचा गुडघा गेला. वर्षभर विश्रांती. चाहत्यांनी तो गुडघा बरा व्हावा म्हणून अकरा हजार कागदी करकोचे घडवून पाठवले. एका गावात तर देवळात गुडघ्याच्या नावानं पूजा झाली. ती परतली, पण उड्या बंद. तेव्हा कंपनीनं जाहीर केलं, की पार्लर आता परिपक्व झालं आहे. नवा अल्बम : दहा संथ गाणी, दहाही विरहाची. करारातल्या सातव्या कलमानं ज्यांना प्रेम करायलाच बंदी, त्यांनी आता विरह करून दाखवायचा. जेवायला न वाढता ढेकर मागण्यातलाच प्रकार.

"अकरा दिवस तुमचा श्वासन् श्वास गिरवताहेत," ओनोदेरा म्हणाले. "बाकी सगळं जमलं, हा विराम जमत नाही. कोतोमी, दाखव."

धाकटी कोतोमी उठली. ओळीत थांबली. ओठांनी एक-दोन मोजलं आणि पुढे निघाली.

"ही बाई प्रियकराची वाट बघतेय की सिग्नलची?" ओनोदेरांनी विचारलं.

"सिग्नलकडे बघायची तरी परवानगी आहे आम्हाला," कोतोमी पुटपुटली. मागे खसखस पिकली.

ओनोदेरा हसले नाहीत. "आज जमलं नाही तर ओळ कापतो. आणि चिगुसासान, तुमची युक्ती तुम्हालाच सांगता येत नसेल, तर पुढच्या वेळी मी दुसरं कुणी बघतो."

चिगुसाला खोटं बोलता येत नसे. या धंद्यात ती मागे राहिली त्याचं तेही एक कारण असावं.

"पाठीवर कुणीतरी झोपलंय असं समजायचं," ती म्हणाली. "ते हललं. आता श्वास घेतला तरी जागं होईल. म्हणून थांबायचं. ते पुन्हा जड झालं, की पुढे गायचं."

आता विचारतील कोण झोपलंय, म्हणून ती पाटीच्या दिशेनं बघत उभी राहिली.

ओनोदेरांनी डोळे मिटले. "गेलेल्या प्रियकराची आठवण, पाठीवर! काय खोली आहे!"

चार वह्यांत 'पाठीवर आठवण' असं लिहिलं गेलं. मग एकीनं तांदळाचं पोतं उचलल्यासारखी आठवण उचलली. दुसरीनं दप्तरासारखी अडकवली. कोतोमीनं हात वर करून विचारलं, "साधारण किती किलोची धरायची?"

रुरिकानं वही उघडलीच नव्हती. ती माइकपाशी आली आणि गाऊ लागली. तिसऱ्या ओळीत तिचा उजवा हात आपसूक पाठीमागे गेला, तळवा वर, कुणाचंतरी बूड सावरावं तसा. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलं. जो गुडघा गेला म्हणून हा सगळा विरह, तो गुडघा अलगद वाकत, सरळ होत राहिला. दोन मात्रा ती थांबली. खांदा किंचित खाली आला. मग तिनं ओळ पुरी केली.

"कुठं शिकलीस गं हे, ताई?" कोतोमीनं विचारलं.

रुरिकाचा हात अजून पाठीमागेच होता. तिनं तो झटकन पुढे घेतला. तिचा चेहरा कागदासारखा झाला.

"माझंच बघून," चिगुसा म्हणाली. "मी मघाशी उभी होते ना, तश्शी उभी राहिली."

"नक्कल असावी तर अशी!" ओनोदेरा म्हणाले, आणि हेच ठेवा असं सांगितलं. चिगुसाला त्यांनी पुढच्या अल्बमचं काम दिलं. शिवाय या अल्बमच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर, सगळ्यात बारीक अक्षरात, तिचं नाव : विरह-मार्गदर्शन.

बाहेर चहाच्या यंत्रापाशी रुरिकानं गरम चहाचे दोन बंद डबे काढले. एक दोन्ही हातांनी चिगुसापुढे धरला आणि कंबरेत इतकी वाकली, की बाकीच्या मुली वळून बघू लागल्या.

"गुडघा कसा आहे आता?" चिगुसानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

मुली पुढे सरकेपर्यंत रुरिका थांबली. बरोब्बर दोन मात्रा.

"खालचे दोन दात आलेत," ती म्हणाली.