पटावरची दहा मुलं

सूतगिरणी बंद पडल्यापासून गावाला गळतीच लागली होती. शाळेच्या पटावर जेमतेम दहा मुलं उरली होती. एक जरी कमी झालं तरी शाळेला कुलूप, असा वरून हुकूम होता. मुख्याध्यापिकाबाई घरोघर जाऊन आईबापांच्या हातापाया पडत, "एवढं वर्ष तरी थांबा." आज त्यांचा स्वतःचाच मुलगा टेबलासमोर उभा होता. "आई, पोरीचा दाखला हवाय. शहरात काम मिळालंय." "तूसुद्धा? लोकांना काय तोंड दाखवू?" "गिरणीत फिटर होतो, आता निम्म्या पैशांत गोण्या उचलतो. आणखी किती दिवस रेटू?" बाईंनी नातीचा दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला. "जपून ने," एवढंच म्हणाल्या. तो गेल्यावर त्यांनी उरलेल्या नऊ मुलांसाठी कोरे दाखले कपाटातून काढले आणि लिहायला घेतले.