तीट

"तीट पुसून घ्या गं," कुंदाताई म्हणाल्या. "गालावर डाग असला की यंत्र चेहरा घेत नाही."

अंगणवाडीच्या ओसरीवर पाच आया रांगेत बसल्या होत्या. रेलीबाईने पदराचं टोक थुंकीने ओलं केलं आणि मांडीवरच्या बिलकीच्या गालावरचं काजळ पुसलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच पोरीचा गाल असा कोरा दिसला.

पूर्वी कुंदाताई पोरांच्या दंडाला मापाची पट्टी लावायच्या. दंड बारीक भरला की पट्टी लाल दाखवायची, आणि त्या पोराला आधी आहार मिळायचा. आता यंत्र चेहरा बघून मूल पाच वर्षांचं होईल की नाही ते सांगायचं, आणि होणार असेल त्यालाच पाकिटं मिळायची. आहार वाया जायला नको, असा वरून हुकूम होता. यंत्राने नाही म्हटलेलं एकही मूल आजवर जगलं नव्हतं, म्हणून ते कधी चुकत नाही अशी त्याची ख्याती होती.

यंत्राने बिलकीला पाहिलं आणि सांगितलं, "नाही."

"परत बघायला सांगा ना ताई. आत्ताच झोपेतून उठलीय ती."

"एकदाच बघतं गं ते."

कुंदाताईंनी पाकिटांचा खोका पायाने टेबलाखाली ढकलला. रेलीबाईकडे बघवेना, म्हणून त्यांनी खणातली काजळाची डबी काढून पुढे धरली. "घे, तीट लाव. पोरीला अशी नेऊ नकोस."

रेलीबाईने डबी घेतली नाही.

"कशाला, ताई? हिला आता कोणाची नजर लागणार?"