मागच्या रांगेपर्यंत

गरीब रुग्णांच्या उपचारांसाठी निधी जमवायची स्पर्धा होती. प्रत्येक संघातल्या एकाने पाच मिनिटं बोलायचं आणि लगेच सभागृहात डबा फिरवायचा. आधीच्या संघाने लोकांना रडवलं, तेव्हा पुढच्या संघातर्फे बोलायला उठलेल्या मुलीने लिहून आणलेलं भाषण घडी करून ठेवलं आणि भलतीच गोष्ट सांगायला घेतली. बायकोच्या ऑपरेशनसाठी मदत मागायला एक माणूस दवाखान्याच्या दारात उभा राहिला आणि डॉक्टर समजून त्यांच्या ड्रायव्हरच्याच पाया पडला. सभागृह आधी हसलं, मग चिडीचूप झालं. बोलता बोलता तिचा आवाज खाली गेला, तसा साउंडवाल्याने माइक हळूच वाढवला.

डबा भरून परत आला. "काय फेकलंस गं! म्हणे ड्रायव्हरच्या पाया पडला!" संघाची कॅप्टन तिला मिठी मारून म्हणाली. मग वायर गुंडाळणाऱ्या साउंडवाल्याकडे वळली. "काका, आवाज अगदी वेळेवर वाढवलात हं."

"मागच्या रांगेला ऐकू येत नव्हतं," ते म्हणाले.

कॅप्टन डबा घेऊन परीक्षकांकडे पळाली. ते वायर गुंडाळतच राहिले. जरा वेळाने मान वर न करता त्यांनी विचारलं, "ड्रायव्हरचं तुला आईने सांगितलं होय?"

सकाळपासून सगळ्यांदेखत तीही त्यांना काकाच म्हणत होती. आता आसपास कुणी नव्हतं, तरी तिच्या तोंडून 'बाबा' फुटेना.