गारवा विकणारा माणूस

राजांगणाभोवती, म्हणजे मधल्या उघड्या चौकाभोवती, चिऱ्याच्या तांबड्या भिंती उभ्या होत्या. बाहेर गोव्यातल्या साखळी गावचा मे महिना पांढऱ्या जाळासारखा पेटला होता. आत, ओसरीतल्या सोप्यावर, म्हणजे बसायच्या दगडी बाकावर, तनयाचे बाबा सगुण गाढ झोपले होते.

सोप्याभोवती तिघे जण उभे होते. नव्या इमारतीचे मालक गोकुळदास. वरचा मजला भाड्याने घेऊ पाहणाऱ्या पणजीच्या कंपनीची सोनाली. आणि जिने ही इमारत कागदावर रेखली, मग चिरा चिरा उभी राहताना पाहिली, ती तनया. बाबांना हाक मारावी की नाही, हे तिघांनाही कळत नव्हते.

सगुण इथे झोपायला आले नव्हते. साखळीच्या बाजारात त्यांचे एसीचे दुकान होते; अर्ध्या डिचोली तालुक्याचा गारवा त्यांच्या हातून गेला होता. दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला ते एकच वाक्य ऐकवीत : "मला विचारा. एसीशिवाय माझा डोळा लागत नाही." ते खरेही होते. पेडण्याच्या सासुरवाडीत जावई म्हणून त्यांचा केवढा मान. पण जत्रेच्या दिवशीसुद्धा ते तिथे मुक्काम करीत नसत. यंत्र नाही, तर झोप नाही.

आणि त्यांच्याच लेकीने बिनएसीचे ऑफिस बांधायला घेतले. भिंती दुहेरी, मधे हवेची पोकळी. खिडक्या वाळवंटी नदीकडून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवर. वर मंगलोरी कौले, आणि त्यांच्याखालून तापलेल्या हवेला निघून जायला फट. इमारतीने श्वास घ्यावा, एवढेच तिला हवे होते. बाबा रोज जेवताना विचारीत, "बाय, ऑफिस बांधतेस की तपाला बसायची गुहा? त्या कारकुनांना जटा वाढवायला सांग." ती हसे. पण ताटावरून उठताना ते हसू तिला टोचत राही.

सोनालीच्या कंपनीची एकच अट होती : एसी बसवा, मगच येतो. म्हणून आज गोकुळदासांनी सगुणना बोलावले. सगुण म्हणतील तितकी यंत्रे लागणार होती. म्हणजे चिऱ्याला भोके पडणार, खिडक्या कायमच्या मिटणार, वाऱ्याची वाट बुजणार. इमारत उभी राहिली असती. तनयाने जिची कल्पना केली होती, ती मात्र उरली नसती.

"तुम्ही जेवून या. तोवर मी सगळं बघून ठेवतो," बाबा म्हणाले होते. दुपारी दुकान बंद करून घरी जायचे, यंत्र लावून पडायचे, हा त्यांचा जन्माचा नेम. आज लेकीच्या इमारतीत यंत्रे मोजायची म्हणून त्यांनी तो मोडला होता. बघता बघता ते जरा टेकले असावेत.

"आमची माणसं अशीच झोपली, तर कामं कोण करणार?" सोनाली अखेर कुजबुजली.

"बाई, दुपारचा तर सगळा गोवा झोपतो," गोकुळदास तितक्याच हळू आवाजात म्हणाले. "पण हा माणूस इथं झोपला कसा, ते मला सांगा."

सोनालीने वर कौलांकडे पाहिले. मग स्वतःच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडे होते.

तेवढ्यात बाबांनी कूस बदलली. डोळे मिटलेलेच होते. उजवा हात मात्र सवयीने उशाशी रिमोट शोधू लागला. गार दगड चाचपीत तो काठापर्यंत गेला, परत आला, आणि थबकला. बाबांनी डोळे उघडले. तीन चेहरे त्यांच्यावर वाकले होते.

"डोळे मिटून विचार करत होतो," ते उठून बसत म्हणाले.

"घोरत घोरत?" तनयाने विचारले.

"विचार मोठा होता."

गोकुळदासांनी हसू आवरले. "मग काय ठरलं, सगुणबाब? किती मशीनं लागतील?"

बाबांनी चपला पायांत सरकवल्या. भिंतीपाशी जाऊन तिच्यावर तळवा टेकला, आणि तापलेल्या पोराचे कपाळ पाहावे तसा तो तिथेच ठेवला. किती तरी दिवस आपण या एका माणसाच्या तोंडून एक शब्द ऐकायला थांबलो होतो, हे तनयाला आत्ताच उमगले.

"रस्त्याकडची ती खालची खोली," बाबा भिंतीकडे बघतच म्हणाले, "कुणाला दिली काय?"

"अजून नाही. का?"

"मला द्या. दुकान इथं हलवतो."

सोनाली खळखळून हसली. "गोकुळदासबाब, वरचा मजला आमचा," ती म्हणाली. "खिडक्या मात्र उघडणाऱ्याच राहू देत."

गोकुळदासांना मात्र राहवेना. "अहो, पण एसीचं दुकान, आणि बिनएसीच्या इमारतीत? गिऱ्हाईक विचारील तेव्हा काय सांगणार?"

बाबांनी त्यांच्याकडे पाहिले. मग तनयाकडे पाहिले, जरा जास्त वेळ. आणि ते रस्त्याकडच्या खोलीकडे चालू लागले, दुकानाच्या पाटीची रुंदी हवेत मोजत, दोन्ही हात पसरून, जणू कुणाला तरी कवेत घ्यायला निघाल्यासारखे.